पाच महिने ‘तोंड आलंय’ म्हणून गेले: पेम्फिगस व्हल्गॅरिसचे एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेले आहे. यातली बाई म्हणजे कोणी एक रुग्ण नव्हे. घटनांचा क्रम, औषधांचे डोस आणि ठेचा लागण्याच्या जागा मात्र त्वचारोग वॉर्डात वारंवार दिसतात तशाच ठेवल्या आहेत. पेम्फिगस म्हणजे शरीराने स्वतःच्याच कातडीवर हल्ला केल्याने तोंडात आणि अंगावर फोड उठवणारा आजार. तो कागदावर ‘दुर्मिळ’ असला तरी भारतातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांना तो अनोळखी नाही. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात, चाळिशीच्या आसपास गाठतो.

आजार किती गंभीर, या प्रश्नाला एक उत्तर नाही. पहिले काही महिने धोका असतो निदान चुकण्याचा, मग उघड्या पडलेल्या कातडीतून जंतू शिरण्याचा आणि त्यानंतर औषधांचा. फोड केवढा मोठा आहे यावरून यातले काहीच कळत नाही.

वॉर्डात येण्यापूर्वी

वय ४६, घरी शिवणकाम, सांगली जिल्ह्यातले गाव. वीस वर्षांची मिश्री लावण्याची सवय. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. वर्षभरापूर्वी वजन ६८ किलो, दाखल होताना ६०.

सुरुवात हिरड्यांच्या आगीने झाली. मग गालाच्या आतून आणि जिभेखाली चट्टे आले. घरच्यांनी ‘तोंड आलंय, उष्णता आहे’ म्हणून गुलकंद आणि सब्जा दिला, औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या. महिनाभरात उतार पडला नाही. गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनने आठवडाभर चांगले वाटायचे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इंजेक्शन स्टिरॉइडचे असावे, कारण हा आजार थोड्याशा स्टिरॉइडला थोडासा दबतो आणि तेवढ्यानेच सगळ्यांची दिशाभूल होते.

तिसऱ्या महिन्यात दंतवैद्यांनी मिश्रीची सवय पाहून कर्करोगाची शंका घेतली. शंका रास्तच होती. पण बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी कापायचा तुकडा व्रणाच्या मधोमध घेतला गेला आणि फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवला गेला. जिथे वरचा थर आधीच निघून गेला आहे तिथल्या तुकड्यात बघायचे काय? अहवाल आला: व्रण, विशिष्ट निदान नाही, कर्करोगाची लक्षणे नाहीत. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि आणखी दोन महिने गेले.

साध्या तोंड येण्यात आणि यात फरक करता येतो. साधा व्रण गोल, पिवळसर तळाचा आणि लाल कडेचा असतो. तो एक-दोन आठवड्यांत भरतो, मग दुसरीकडे नवा येतो. पेम्फिगसचा व्रण वेडावाकडा, कडा फाटक्या, एकाच जागी ठाण मांडून बसणारा आणि कडेने पसरणारा असतो. तोंडात अख्खा फोड जवळजवळ कधीच दिसत नाही. घास चावला की तो फुटतो, म्हणून ‘फोड आला होता का’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला कोणताही व्रण बायोप्सीला गेला पाहिजे, आणि तोही कडेवरून.

पाचव्या महिन्यात छातीवर, पाठीवर, बेंबीभोवती आणि ब्लाउजची कड घासते तिथे पाण्याचे फोड आले. शेजारपाजारच्यांनी नागीण ठरवली, कोणीतरी उतरवूनही दिली. नागीण शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठते, सहसा मधली रेघ ओलांडत नाही आणि दोन-तीन आठवड्यांत सुकते. इथे फोड दोन्ही बाजूंना होते आणि थांबायचे नाव घेत नव्हते.

दाखल होताना

फोड मऊ आणि ढिले होते, कातडी लाल नसलेल्या जागीही उठलेले. बहुतेक फुटून ओल्या, वेदना देणाऱ्या जखमा झाल्या होत्या. चिघळलेले क्षेत्र रुग्णाच्या बोटांसकट तळहाताने मोजतात, एक तळहात म्हणजे सुमारे १ टक्का. इथे १४ तळहात भरले. डोक्यात केस खपल्यांत चिकटून जटा झाल्या होत्या. आवाज घोगरा होता, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले. स्वरयंत्राच्या वरच्या झाकणावरही व्रण निघाले. डोळे ठीक होते. योनिमार्गाच्या तोंडाशी दोन व्रण होते. बाईंनी ते आपणहून सांगितले नव्हते, विचारल्यावर सांगितले. हा प्रश्न विचारायचाच असतो.

निकोल्स्की चिन्ह सकारात्मक होते. फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर बोटाने हलका तिरका दाब दिला की वरचा थर सरकतो. प्योतर निकोल्स्की यांनी १८९६ साली वर्णन केलेली ही खूण आजही पलंगाशेजारी अर्ध्या मिनिटात मिळते. मात्र ती एकदाच आणि छोट्या जागेवर तपासावी. प्रत्येक राउंडला प्रत्येक विद्यार्थ्याने ती ‘बघितली’, तर रुग्णाच्या अंगावर तेवढ्या नव्या जखमा होतात.

हे सारे होते ते कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराने स्वतःच हल्ला केल्यामुळे. डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३ ही ती प्रथिने. त्यांच्यावर प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) चिकटतात आणि पेशींची शिवण उसवते. तोंडातले अस्तर मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर टिकलेले असते. कातडीत दोन्ही असतात आणि एक कमी पडले तर दुसरे काही काळ सांभाळून नेते. म्हणून नुसती ३ विरुद्धची प्रतिपिंडे असताना आजार तोंडापुरता राहतो, आणि १ विरुद्धचीही तयार झाली की अंगावर उतरतो. या बाईंचे पाच महिने तोंडात का गेले आणि मग अचानक अंगावर फोड का उठले, याचे उत्तर इथे आहे. रक्तातली ही प्रतिपिंडे ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवली. डेस्मोग्लीन ३ ची ओळख १९९१ मध्ये अमागाई आणि स्टॅन्ली यांच्या कामातून पटली.

निदान पक्के करताना

त्झांक स्मिअर त्याच दिवशी केला. ताज्या फोडाचे छप्पर उचलून तळ हलक्या हाताने खरवडायचा, काचेवर पसरून गिम्सा रंग द्यायचा. एकमेकींपासून सुटलेल्या, गोल झालेल्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. हा पुरावा तासाभरात मिळतो, पण एकट्याने पुरेसा नाही.

बायोप्सी दोन घेतल्या आणि दोन्हींच्या जागा वेगळ्या होत्या. साध्या सूक्ष्मदर्शकासाठी २४ तासांच्या आतला लहान फोड कडेसकट, फॉर्मॅलिनमध्ये. प्रतिपिंडे पाहण्याच्या इम्युनोफ्लुरोसन्ससाठी फोडापासून एक सेंटिमीटरच्या आतली, पण स्वतः न फुटलेली कातडी, मिशेल द्रावणात. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला की तपासणी संपली. प्रतिपिंडे दिसेनाशी होतात आणि अहवाल ‘नकारात्मक’ येतो. मिशेल द्रावण नसेल तर साध्या सलाईनमध्ये ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. तालुक्याच्या ठिकाणी बायोप्सी करणाऱ्यांनी तुकडा घेण्याआधीच कुरिअर किती वाजता निघते ते विचारून ठेवावे.

अहवालात तळाच्या पेशींच्या लगेच वर फट होती आणि तळाच्या पेशी आपल्या जागी रांगेत उभ्या होत्या. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये पेशींच्या भोवती आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि सी३ (प्रतिकारशक्तीतले एक प्रथिन) यांची जाळी दिसली. रक्तातली प्रतिपिंडे मोजणाऱ्या एलायझा तपासणीत डेस्मोग्लीन ३ विरुद्ध २१० युनिट आणि १ विरुद्ध १४० युनिट. त्या किटची मर्यादा २० होती. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या पीडीएआय तक्त्यावर ५२ गुण आले. युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे ४५ च्या वर तीव्र.

औषधांची यादीही तपासली. पेनिसिलामाइन, तसेच कॅप्टोप्रिलसारखी रक्तदाबाची काही औषधे पेम्फिगस उठवू शकतात. इथे तसे काही नव्हते.

बाकीच्या तपासण्यांत दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या होत्या. रक्तातले मुख्य प्रथिन अल्ब्युमिन २.६, म्हणजे कमी होते, म्हणजे जखमांतून प्रथिने गळत होती आणि तोंडातून जात नव्हती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ होता. ‘मला साखर नाही’ हे बाईंचे म्हणणे स्टिरॉइड सुरू होईपर्यंतच खरे राहणार होते.

पहिला आठवडा: औषधापेक्षा शुश्रूषा

प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदाच सुरू केले. गोळी गिळता येत नव्हती, म्हणून पाण्यात विरघळणारी दिली. गिळणे अगदीच बंद असेल तर तेवढ्याच ताकदीचे डेक्सामेथॅसोन, सुमारे ९ मिलिग्रॅम, शिरेतून द्यावे लागते. रुग्ण गोळी ओठाआड धरून नंतर थुंकतो आणि वरचे लोक ‘स्टिरॉइडला दाद देत नाही’ म्हणून डोस वाढवतात, असेही होते. दाद देत नाही म्हणण्याआधी गोळी पोटात जाते का, ते बघावे.

पेम्फिगसच्या रुग्णाच्या कातडीला चिकटपट्टी लावायची नाही, हा वॉर्डातला पहिला नियम. सलाईनची सुई गॉझच्या पट्टीने गुंडाळून बांधायची. ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड, हातावरची प्लास्टिकची नावपट्टी, रक्तदाबाचा घट्ट पट्टा यांतले प्रत्येक कातडी सोलून काढते. पट्ट्याखाली मऊ सुती कापड घालावे. दंड धरून रुग्णाला पलंगावर वर ओढू नये. खाली चादर घालून चादरीसकट उचलावे.

फोड सोलायचे नसतात. मोठा, ताणलेला फोड निर्जंतुक सुईने सर्वांत खालच्या बाजूला टोचून पाणी काढायचे आणि छप्पर तसेच जखमेवर बसू द्यायचे. त्याच्याइतके चांगले ड्रेसिंग बाजारात मिळत नाही. ओल्या, वास येणाऱ्या जखमांवर पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात भिजवलेले गॉझ १५ मिनिटे ठेवले. प्रमाण १ ला १०,०००, म्हणजे एका लिटरला १०० मिलिग्रॅम. रंग फिका गुलाबी हवा. गडद जांभळे द्रावण जाळते, न विरघळलेला खडा कातडीला भोक पाडतो आणि तपकिरी झालेले द्रावण निकामी असते. नंतर पॅराफिन गॉझ आणि वरून सैल बँडेज.

पाठीखाली केळीची पाने अंथरली. हा अडाणी उपाय नव्हे; मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानांच्या ड्रेसिंगचा रीतसर अभ्यास झालेला आहे. पान मेणचट असते, जखमेला चिकटत नाही आणि उचलताना दुखत नाही. धुऊन, मधली शीर काढून, निर्जंतुक करून वापरावे आणि दिवसातून निदान दोनदा बदलावे. जुन्या पद्धतीप्रमाणे अंगावर टाल्कम पावडर मात्र टाकू नये. ती ओलाव्यात घट्ट होते आणि तिच्याखाली पू साचतो.

डोक्यातल्या खपल्या लिक्विड पॅराफिनमध्ये रात्रभर भिजवून सकाळी सोडवल्या. केस कापावे लागले, ते बाईंना विचारून आणि मुलीच्या हातून.

तोंडासाठी जेवणाआधी दहा मिनिटे तोंड बधिर करणारे लिग्नोकेन जेल आणि जेवणानंतर बीटामेथॅसोनची ०.५ मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी १० मिलिलिटर पाण्यात घालून दिवसातून चार वेळा गुळणी. मागोमाग क्लोट्रिमॅझोलचा लेप, कारण या गुळण्यांनी बुरशी हटकून येते. रोज ९० ग्रॅम प्रथिने हवी होती. गार केलेली नाचणीची आंबील, पातळ खिचडी, दही, दुधात पूर्ण भिजवलेला भाकरीचा काला, उकडलेल्या अंड्याचे पांढरे, आणि तेवढ्यावर न भागल्याने प्रथिनांची पूड. तिखट, लिंबू, पापड, फरसाण बंद. कांदा-लसणाने हा आजार वाढतो असे काही ठिकाणी लिहिलेले असते. त्याला भक्कम आधार नाही, आणि आधीच अन्न न जाणाऱ्या माणसाच्या ताटातून आणखी काही काढून घेण्यात शहाणपण नाही. नाकातून नळी घालणे टाळले. ती घशाचे अस्तर सोलत खाली जाते. घालावीच लागली तर बारीक, मऊ आणि भरपूर जेल लावून.

सलाईन भाजलेल्या रुग्णाच्या सूत्राने देत नाहीत. इथली गळती संथ असते, त्या हिशेबाने दिले तर फुप्फुसात पाणी होते. तासाला ३० ते ६० मिलिलिटर लघवी होईल इतके पुरते.

साखरेचे गणितही वेगळे असते. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारपासून संध्याकाळपर्यंत साखर चढवते आणि पहाटेपर्यंत ती उतरते. बाईंची उपाशीपोटी साखर १०४ होती, संध्याकाळी सहाची ३१०. फक्त सकाळी तपासत राहिलात तर सगळे आलबेल दिसते. सकाळच्या गोळीबरोबर १४ युनिट एनपीएच इन्सुलिन सुरू केले.

आठवा दिवस

ताप ९९.६. बाई ‘बरी आहे’ म्हणत होत्या. नाडी ११८, आदल्या दिवशी ८८ होती. इन्सुलिन तेवढेच असताना साखर ३८० वर गेली. पाठीच्या पॅराफिन गॉझला गोडसर, कुजट वास होता आणि उजव्या हातावरच्या सुईच्या जागेभोवती दोन बोटे लाली.

पेम्फिगसमध्ये माणसे दगावतात ती बहुतेक अशा दिवसांत. स्टिरॉइड येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण काही वर्षांतच जात असत. १९५० च्या दशकात स्टिरॉइड आल्यावर चित्र पालटले आणि आज मृत्यूचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांवर आले आहे. पण उरलेल्या मृत्यूंत मोठा वाटा जंतुसंसर्गाचा आहे, आणि त्या संसर्गाला वाट करून देण्यात उपचारांचाही हात असतो. साठ मिलिग्रॅम स्टिरॉइडवर ताप चढत नाही. वाढलेली नाडी, कारण नसताना उसळलेली साखर, वास, गोंधळलेले बोलणे, कमी झालेली लघवी, यांवरच लक्ष ठेवावे लागते. १०१ ताप येण्याची वाट पाहणारा बहुधा उशिरा पोचतो.

दोन वेगवेगळ्या जागांच्या अखंड कातडीतून रक्ताचे दोन कल्चर संच घेतले, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. जखमेतून सुई घातली असती तर बाटलीत जखमेवरचे जंतू उगवले असते. सुई काढून दुसऱ्या हातावर घातली. तासाभरात व्हॅन्कोमायसिन आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झाले. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, मेथिसिलिनला दाद देणारा. तेव्हा दोन्ही बंद करून सेफाझोलिन २ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू केले. अशा जंतूला व्हॅन्कोमायसिन चालू ठेवणे म्हणजे कमकुवत औषध देणे. हृदयाच्या झडपांवर जंतू बसले नाहीत ना, यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. दहाव्या दिवशीचे कल्चर स्वच्छ आले आणि प्रतिजैविके तिथून पुढे १४ दिवस मोजली, पहिल्या डोसापासून नव्हे.

या वेळी नातेवाइकांचा आणि कधी कधी डॉक्टरांचाही पहिला विचार असतो, ‘स्टिरॉइड बंद करा’. करायचे नसते. आजार उसळला की उघडी कातडी वाढते, म्हणजे जंतूंना आणखी दारे उघडतात. शिवाय आठवडाभर मोठा डोस घेतलेल्या शरीरावर संसर्गाच्या ऐन ताणात तो काढून घेणे धोक्याचे. डोस ६० वरच ठेवला. फोड उसळतच राहिले असते तर इम्युनोग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा) पर्याय होता: किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. संसर्ग असतानाही ते देता येते, पण खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. बाराव्या दिवसापासून नवे फोड येणे थांबले आणि त्याची गरज पडली नाही.

पुढचे औषध कोणते

एकट्या स्टिरॉइडवर हा आजार काढायचा म्हटले तर वर्ष-दीड वर्ष मोठे डोस लागतात. हाडे, डोळे, साखर सगळे पणाला लागते.

भारतात यावर आपला असा मार्ग निघाला होता. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात पल्स पद्धत बसवली: डेक्सामेथॅसोन १०० मिलिग्रॅम ५०० मिलिलिटर डेक्स्ट्रोजमधून सलग तीन दिवस, दुसऱ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड ५०० मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी हेच, आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फमाइड ५० मिलिग्रॅम रोज. या पद्धतीने असंख्य रुग्ण बरे झाले. पाळी जाणे, शुक्रजंतू संपणे हे तिचे मोल, म्हणून मूल हवे असणाऱ्यांना सायक्लोफॉस्फमाइड देत नाहीत. इथे अडचण वेगळी होती. नुकतेच रक्तात जंतू सापडलेल्या रुग्णाला १०० मिलिग्रॅम डेक्सामेथॅसोन कोण देईल? अझाथायोप्रिन आणि मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांना परिणाम दाखवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

रिटुक्सिमॅब निवडले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पायरीवरच्या बी पेशी ते काढून टाकते. फ्रान्समधल्या २०१७ च्या ९० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर औषधाविना पूर्ण बरे असलेल्यांचे प्रमाण रिटुक्सिमॅब गटात ८९ टक्के आणि नुसत्या स्टिरॉइड गटात ३४ टक्के होते. अमेरिकेत २०१८ मध्ये पेम्फिगससाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात त्याची देशी आवृत्ती २००७ पासून मिळते, त्यामुळे किंमत उतरली, तरी ती लहान नाही. शासकीय योजनेत काय बसते हे दाखल होतानाच आरोग्यमित्राकडे विचारावे. बिल झाल्यावर विचारून हाती काही लागत नाही.

देण्यापूर्वी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग सध्या आहे का, ते सांगणारी तपासणी) आणि हिपॅटायटिस बी कोअर प्रतिपिंडे (तो पूर्वी होऊन गेला का, ते सांगणारी), दोन्ही तपासायची. नुसते एचबीएसएजी नकारात्मक पाहून थांबणे ही नेहमीची चूक आहे. जुना, झोपलेला हिपॅटायटिस बी रिटुक्सिमॅबने जागा होतो आणि यकृत निकामी करू शकतो. कोअर सकारात्मक आले तर एंटेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करून रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसानंतर किमान १२ महिने चालू ठेवावे लागते. शिवाय हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी. या बाईंचे सगळे नकारात्मक होते. न्यूमोकॉकस आणि फ्लूच्या लसी चार आठवडे आधी देणे उत्तम, पण तीव्र आजारात तेवढे थांबता येत नाही. जिवंत जंतूंच्या लसी मात्र टाळायच्याच.

२६ व्या दिवशी पहिला डोस: १००० मिलिग्रॅम ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, फेनिरामिन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम. सुरुवात ताशी २५ मिलिलिटरने, दर अर्ध्या तासाला २५ ने वाढवत ताशी २०० पर्यंत. कुठेही न अडता हे सव्वाचार तासांत संपते. बाईंना दुसऱ्या तासाला थंडी वाजली आणि घसा खवखवला. तेव्हा थेंब थांबवले, अर्ध्या तासाने निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केले. ‘रिअॅक्शन आली’ म्हणून उरलेली बाटली टाकून देणे बहुतेक वेळा अनावश्यक असते. ४१ व्या दिवशी दुसरा डोस, विनातक्रार.

हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पहिल्या दिवसापासून होते. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी मात्र दिली नाही. अन्ननलिकेला व्रण असू शकणाऱ्या माणसाला ती गोळी देणे म्हणजे दुखणे विकत घेणे. छापील प्रिस्क्रिप्शनमध्ये ती सवयीने जाते, तेवढी खोडावी.

घरी गेल्यावर

दोन आठवडे नवा फोड नाही आणि ८० टक्के जखमा भरल्या, हे दोन्ही जमल्यावरच डोस उतरवायला सुरुवात केली. आधी दर पंधरवड्याला १० मिलिग्रॅम, ३० वर आल्यावर ५ मिलिग्रॅम.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, डोस २० वर असताना, बाईंनी गोळ्या एका दिवसात सोडल्या. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता, पुतणीचे लग्न तोंडावर होते आणि एका पाहुण्याने ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ सांगितले होते. पाचव्या दिवशी उलट्या, भोवळ, उठता येईना. जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन मिळाले. रात्री मोठ्या रुग्णालयात आणले तेव्हा रक्तदाब ८६/५०, सोडियम १२८, साखर ६२. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी तीन महिन्यांत स्वतःचे स्टिरॉइड बनवणे सोडून दिले होते आणि बाहेरचेही बंद झाले. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच शिरेतून, पहिल्या तासात एक लिटर सलाईन, मग ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. सकाळपर्यंत बाई चहा मागत होत्या.

डिस्चार्ज कार्डावर ‘औषध स्वतःहून बंद करू नये’ लिहिलेले होतेच. ते सगळ्याच कार्डांवर असते, म्हणून कोणी वाचत नाही. या प्रसंगानंतर कार्डाच्या वर लाल शाईने लिहिले गेले: ‘ही व्यक्ती रोज स्टिरॉइड घेते. उलटी, जुलाब, ताप, अपघात किंवा ऑपरेशन असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आधी द्या.’ त्याचा फोटो नवरा आणि मुलगी दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगितला. आणखी एक गोष्ट समोरासमोर बोलून ठरली: चेहरा गोल होणे डोस उतरला की ओसरते, आणि लग्नकार्य असेल तर आधी फोन करायचा.

गावात दोन शंका होत्या. पहिली, लागण होते का. होत नाही, फोडातल्या पाण्यानेही नाही. एकाच ताटात जेवायला हरकत नाही. दुसरी मुलीच्या लग्नावरून आलेली, की हे वंशात उतरते का. प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांच्या काही प्रकारांशी आजाराचा संबंध आहे, पण ते असलेल्या बहुसंख्य माणसांना तो कधीच होत नाही आणि एका घरात दोघांना होणे फार क्वचित. मुलीची कसलीही तपासणी करण्याची गरज नाही.

रिटुक्सिमॅबनंतर तीन महिन्यांनी एलायझा पुन्हा केली: डेस्मोग्लीन १ विरुद्ध १४, डेस्मोग्लीन ३ विरुद्ध ९६. या टप्प्यावर १ चा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा ३ चा १३० किंवा त्याहून जास्त असला तर आजार लवकर उलटण्याची शक्यता वाढते. सुरुवातीचे पीडीएआय गुण ४५ च्या वर असणे हेही तसेच लक्षण, आणि ते या बाईंना लागू होते. त्यामुळे आकडे चांगले असूनही त्यांना निर्धास्त गटात टाकले नाही. ३ विरुद्धची प्रतिपिंडे तोंड पूर्ण भरल्यावरही रक्तात रेंगाळतात. नुसता तो आकडा पाहून औषध वाढवू नये.

हिरड्या सर्वांत शेवटी भरल्या, सातव्या महिन्यात. तोवर मऊ ब्रश, मिश्री पूर्ण बंद. दात साफ करून घेणे हिरड्या शांत झाल्यावर दोन बैठकींत केले, कारण दातांवरचे किटण राहिले तर हिरडीवरचे व्रण चिघळत राहतात. नवव्या महिन्यात सकाळी आठचे कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड) १० मायक्रोग्रॅमच्या वर आल्यावर प्रेडनिसोलोन थांबवले.

बाराव्या महिन्यात कातडी आणि तोंड स्वच्छ असतानाही रिटुक्सिमॅब ५०० मिलिग्रॅमचा डोस ठरला आहे आणि अठराव्या महिन्यात आणखी एक. त्याआधी इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या पुन्हा करायच्या आहेत. दरम्यान तोंडात कुठेही आठवड्याहून जास्त टिकलेला चट्टा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचे.